गाळलेली ओळ

वाचकहो, अनुवादकाची चूक बहुधा एखाद्या शब्दाची असते. माझ्या हातून घडलेली चूक न लिहिलेल्या ओळीची होती. तिची कबुली आज तुमच्यापुढे देत आहे.

मानवी रक्तातील फायब्रोनेक्टिन मोजण्याच्या संचाविषयी एक लेख मी मराठीत आणला होता. आपल्या पेशींभोवती प्रथिनांचे जाळे असते. विटांमध्ये चुना असावा तसे ते पेशींना आधार देते. फायब्रोनेक्टिन हे त्यांपैकीच एक. त्याचे एक रूप यकृतात तयार होऊन रक्तात फिरते व जखम भरून येण्यास साहाय्य करते.

ते मोजण्याची रीत मनोवेधक आहे. एका तबकडीत 96 चिमुकल्या वाट्या असतात. त्यांच्या तळाशी चिकटवलेली प्रतिपिंडे नमुन्यातील फायब्रोनेक्टिन तेवढे धरून ठेवतात. उरलेले धुऊन टाकावयाचे. मग एन्झाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालावयाचे, पुन्हा धुवावयाचे आणि शेवटी रंग आणणारे द्रव्य. प्रथिन जितके अधिक, तितका रंग गडद. यंत्र मोजते तो हा रंग. शेजारच्या वाट्यांत ठाऊक प्रमाणाची द्रावणे असतात; त्यांच्याशी ताडूनच आकडा ठरतो. धुण्यात हयगय झाली की आकडाही फसवा. एव्हा एंगवाल व पीटर पर्लमन यांनी 1971 साली स्टॉकहोम येथून ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे एंगवालबाईंनी फायब्रोनेक्टिनवरही संशोधन केले.

हे सारे मी हौसेने लिहिले. जागा अपुरी पडली, तेव्हा माहितीपत्रकातील एक ओळ गाळली: केवळ संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नव्हे.

काही दिवसांनी इंदूरहून एका वाचकाचे पत्र आले. पत्नीला यकृताचा विकार होता. हा संच कोठे मिळेल, किंमत काय, असे विचारून त्यांनी लिहिले होते, ‘सोने मोडण्याची तयारी आहे.’ पत्र हाती धरून मी कितीतरी वेळ बसून राहिले.

प्रमाण मोजता येणे निराळे आणि त्यावरून रोग ओळखता येणे निराळे. गर्भवतींच्या स्रावातील फायब्रोनेक्टिनची चाचणीच पाहा. अकाली प्रसूतीचा अंदाज बांधण्यासाठी तिची 50 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा रूढ झाली, ती प्रत्यक्ष स्त्रियांच्या प्रसूतीशी आकडे ताडून पाहिल्यावर. तरीही तिचा नकारार्थी निष्कर्ष जितका भरवशाचा, तितका होकारार्थी नव्हे.

त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी उत्तर लिहिले: सोने मोडू नका, पत्नीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच तपासण्या करा. पुढील अंकात ती ओळही छापली. तुमच्याही हाती असा एखादा आकडा आला, तर तो किती आहे हे पाहण्याआधी तो कशासाठी मोजला आहे, एवढे अवश्य विचारा.