रक्तातला दोष

रेल्वेने कोणत्याही शहरात शिरावे, रुळांलगतच्या भिंती प्रथम एकच गोष्ट सांगतात: ‘गुप्तरोगी मिलें’. बडोदे, रतलाम, इंदूर, सगळीकडे तीच ठळक अक्षरे. लहानपणी आम्ही ती मोठ्याने वाचली होती, तेव्हा वडिलांनी काही न बोलता खिडकी ओढून घेतली. पुढे पोटापाण्यासाठी आम्ही सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागलो आणि तीसेक वर्षे त्याच रोगांची रक्ते तपासत बसलो.

आपल्या घरांत या आजारांना नावे होती, पण ती कुजबुजण्यापुरती. गरमी, परमा, बद. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त गरमीला ‘फिरंग रोग’ म्हटले, म्हणजे दोष परक्यांच्या माथी. (युरोपातही निराळे नव्हते; इटलीत तो फ्रेंचांचा रोग, तर फ्रान्समध्ये नेपल्सचा.) र. धों. कर्व्यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिले, तर अश्लीलतेचे खटले त्यांच्यावरच भरले गेले.

आमच्या थोरल्या आत्या १९३९ साली इंदूरला दिल्या. पहिल्या तीन खेपा पाचव्या-सहाव्या महिन्यातच गेल्या. चौथे मूल जन्मले, पंधरा दिवस राहिले. सोळा सोमवार झाले, त्र्यंबकेश्वरी नागबळी झाला, आणि अखेर ‘हिच्या रक्तातच दोष आहे’ असे ठरवून सासरच्यांनी त्यांना आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आणून सोडले. तिकडे दुसरे लग्न झाले. आत्या उरलेले आयुष्य आमच्या घरी वाती वळीत राहिल्या. बारशाच्या घरी त्या कधी गेल्या नाहीत. कुणी बोलावलेही नाही.

१९८१च्या हिवाळ्यात त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, महारोहिणीची झडप गळते आहे म्हणाले आणि इतर तपासण्यांबरोबर व्ही.डी.आर.एल. लिहून दिली. रक्त आम्हीच काढले. रक्तद्रव छप्पन अंशांवर अर्धा तास तापवला, काचपट्टीवर थेंब घातला, चार मिनिटे फिरवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दाणे गोळा झालेले स्पष्ट दिसले. आम्ही पट्टी पुन्हा केली. मग खात्रीची दुसरी तपासणी बाहेर पाठवली. तीही तशीच आली.

गरमीचा कावा असा, की तिची पहिली जखम दुखत नाही. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक कठीण व्रण येतो आणि औषधावाचूनच भरतो. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहाता-तळपायांवरही, पुरळ उठते, तेही जाते. माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र वर्षानुवर्षे आत राहतात आणि हृदय, मेंदू, मज्जातंतू गाठतात. बायकांत व्रण आतल्या बाजूला असला तर दिसतही नाही. पोटातल्या जिवाला बाधा होते तेव्हाच कळते, आणि बोल तिलाच लागतो. १९०५मध्ये जंतू सापडला, १९१०मध्ये सोमलापासून केलेले साल्वर्सान बाजारात आले, १९४३पासून पेनिसिलिन. आजही लवकर निदान झाले तर चोवीस लाख युनिटांचे बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. जुन्या रोगाला आठवड्याच्या अंतराने तीन.

इतरांचे थोडक्यात सांगतो. परम्यात पुरुषाला लघवीची आग होते, पू येतो. स्त्रीला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. जुन्या गोळ्यांना तो आता दाद देत नाही, म्हणून दुकानातून मागून घेऊ नयेत. क्लॅमिडिया त्याहून मुका. गर्भनलिका बंद करून वंध्यत्व देतो, आणि डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांनी बरा होतो. नागिणीच्या जातीचे हर्पिसचे फोड पुन्हा पुन्हा येतात, औषधाने आवरतात, मुळासकट जात नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवर लस आहे. २०२३पासून पुण्यात बनलेलीही मिळते, आणि ती नातींना लहान वयातच द्यावी, हे सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. सरकारी इस्पितळांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. तिथे औषध फुकट मिळते आणि जोडीदारालाही बोलावतात. एकट्याचा उपचार म्हणजे अर्धाच उपचार.

हे शेवटचे वाक्य आम्ही नोकरीत शेकडो जणांना ऐकवले असेल. आत्यांना आम्ही एवढेच म्हटले, ‘‘रक्तात जरासा जंतू आहे, आत्या. तीन सुया घेतल्या की झालं.’’ नाव सांगितले नाही. त्यांनी निमूट तिन्ही घेतल्या. झडप सुधारणार नव्हती, पण पुढची झीज थांबावी एवढीच आशा होती.

तिसऱ्या सुईनंतर टांग्यात बसताना त्यांनी विचारले, ‘‘अरे, हा बाहेरून येतो ना जंतू?’’

‘‘हो.’’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. न्यायमंदिरापाशी टांगा वळला तेव्हा म्हणाल्या, ‘‘तिकडे दुसरी आणली, तिलाही मूल झालं नाही म्हणतात. तिलाही सुया द्यायला हव्या असतील मग.’’

आम्ही ‘बघू’ म्हटले. ती बाई तेव्हा इंदुरात हयात होती, आणि पत्ता घरच्या जुन्या कार्डांवर होता. आम्ही पत्र लिहिले नाही. काय म्हणून लिहायचे, हे सुचले नाही.