घड्याळ आतून बघावं

जुनं, माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ विकत घेताना गिऱ्हाइकाची नजर आधी तबकडीवरच्या नावावर जाते. लंडनचं नाव दिसलं की भाव चढतो. इतकी वर्षं ही घड्याळं बघून माझं मत उलट झालं आहे. त्या नावाइतका कच्चा पुरावा दुसरा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रंगवलेल्या तबकड्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार होत, गावोगावच्या घड्याळजींकडे जात आणि त्यांवर बहुधा विकणाऱ्याचं नाव चढे. पेटी करणारा सुतार आणखी वेगळा. म्हणून मी दार उघडून आत बघतो. यंत्र ज्या फळीवर बसतं तिच्यात जुन्या स्क्रूंची रिकामी भोकं आहेत का? तबकडी पेटीच्या चौकटीत नेमकी बसते, की कडेला पट्टी ठोकून फट बुजवली आहे? लंबकाच्या गोळ्याने मागच्या फळीवर घासून काढलेली खूण आजच्या गोळ्याच्या उंचीशी जुळते का? एकाचं यंत्र, दुसऱ्याची पेटी असं जोडकाम इथेच उघडं पडतं.

पण काही जाणकार इथे एक पाऊल पुढे जातात आणि हात लागलेलं प्रत्येक घड्याळ बाद ठरवतात. ते मला पटत नाही, आणि नाशिकमध्ये तर मुळीच पटू नये. लंडनमध्ये बिनचूक लावलेलं घड्याळ इथे आणलं तर दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीहून वर गुरुत्वाकर्षण थोडं कमी, म्हणून लंबक सावकाश झुलतो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे याला दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे हेच दिसलं होतं. सेकंदाचा लंबक सुमारे ९९४ मिलिमीटरचा. नाशिकला तो पावणेतीन मिलिमीटरने आखूड करावा लागतो, म्हणजे खालची चकती फिरवून गोळा वर घ्यायचा. त्यात आपले ऋतू. लंबकाची दांडी पोलादी असेल तर दर अंश सेल्सिअसला दिवसाकाठी अर्धा सेकंद इकडचा तिकडे होतो. इथे वेळ दाखवत राहिलेल्या घड्याळाला कुणीतरी हात लावलेला असणारच. ती त्याच्या वयाची खूण आहे. दोष असलाच तर जोडकाम लपवून अस्सलच्या भावात विकण्यात आहे.

यावर आक्षेप येतो की चालू ठेवलं तर घड्याळ झिजतं, तेव्हा बंद ठेवून जपावं. झीज खरी आहे, पण ती मुख्यतः धूळ मिसळून घट्ट झालेल्या तेलामुळे होते. असं तेल पोलादी टोकांना कानशीसारखं खातं. काही वर्षांनी यंत्र उतरवून धुतलं आणि जरासं नवं तेल दिलं की झीज पुष्कळ आटोक्यात राहते. भोक मोठं झालंच तर पितळी बुश बसवता येतो. ‘कारागीर कुठे उरलेत?’ ही तक्रार निदान या शहरात तरी अर्धीच खरी. घड्याळजी कमी झाले हे मान्य. पण पितळ-तांब्याची भांडी हीच ज्या गावाची ओळख, आणि सातपूर-अंबडला ज्याची लेथवर्कशॉपं, तिथे पितळेचं बारीक काम जाणणारा हात शोधला तर सापडतो. त्याला एकच ताकीद द्यायची: चकाकी आणू नकोस. लखलखीत घासलेल्या तबकडीवरची जुनी चांदीसारखी झिलई आणि कोरीव रेषा एकदा गेल्या की परत येत नाहीत.

‘परक्यांची वस्तू, आपला काय संबंध?’ असंही कुणी विचारतं. त्यांनी गोदाकाठच्या रामेश्वर मंदिराकडे बघावं. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली तिथली पोर्तुगीज घंटा १७२१ सालची, आणि तिला सगळं नाशिक नारोशंकराची घंटा म्हणतं. कायदाही संबंध मानतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपुढची अशी वस्तू वाटेल तशी देशाबाहेर नेता येत नाही.

घेताना एक गोष्ट मात्र विसरू नये. ‘दर आठवड्याला बंद पडतं’ म्हणून स्वस्तात निघालेलं आठ दिवसांचं घड्याळ अनेकदा धडधाकट असतं. वजनं उतरत लंबकाच्या पातळीला आली की पेटी सैल उभी असल्यास तीही झुलू लागतात आणि लंबकाची ताकद खातात. पेटी भिंतीला स्क्रूने घट्ट आवळली की हा आजार बहुतेकदा जातो. विकणाऱ्याला हे सांगायचं की भाव ठरल्यावर सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.