दीड किलोमीटरची सोबत

पहाटे पावणेपाचला मरोळ-मरोशी रस्त्यावर दोनच जमाती जाग्या असतात, पळणारे आणि भुंकणारे. या दोघांचं आपसात फारसं बरं नसतं. मी चौदा वर्षं पळतोय. त्यातली पहिली पाच वर्षं माझ्या चड्डीच्या खिशात दोन दगड असायचे. डाव्या खिशात एक, उजव्या खिशात एक, म्हणजे वजन सारखं.

दगड असूनही मला कुत्रं चावलं. अंधेरीत एका गल्लीच्या तोंडाशी, उजव्या पोटरीला. घरी येऊन नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि पालिकेच्या रुग्णालयात जाऊन सुया घेतल्या. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. रांगेत बसल्या बसल्या विचार करायला भरपूर वेळ मिळाला. चूक माझीच होती. कुत्रं अंगावर आलं तेव्हा मी वेग वाढवला होता. पळतं ते पाठलाग करण्याजोगं, एवढा साधा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. अशा वेळी थांबायचं, अंग थोडं तिरकं करायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही आणि चालत पुढे जायचं. धावकाला हे जमत नाही, कारण मनगटावरचं घड्याळ चालू असतं. सरासरी बिघडेल म्हणून पोटरी देणारे लोक मी पाहिलेत. त्यातला एक रोज दाढी करताना दिसतो.

खारी भेटली ती यानंतर. आरे कॉलनीत शिरल्यावर तबेल्यांकडे जाणारा एक फाटा आहे, तिथे मोरी आहे आणि मोरीला लागून चहाची टपरी. टपरीवाले मामा तिला खारी म्हणतात, रंगावरून. तबेल्यातले भय्ये रानी म्हणतात. तिच्या डाव्या कानाला कट आहे, म्हणजे नसबंदी झालेली. ती मोरीवर बसलेली असायची. मी आलो की उठायची, पुढचे पाय लांब ताणून कंबर वाकवायची आणि माझ्या बाजूने चालू लागायची. चालू लागायची म्हणजे दुडक्या चालीने. डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकदम, मग उलट जोडी. शेपूट पाठीच्या रेषेत, मान किंचित खाली. डांबरावर नखांची टिक-टिक, टिक-टिक. हात नाही, घाम नाही, चेहऱ्यावर जिद्दबिद्द काही नाही.

मी तेव्हा किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी पळायचो. तिची चाल सात मिनिटं दहा सेकंदांची. मी पुढे निघून जायचो, ती मागे राहायची, पण वेग वाढवायची नाही. आठवडाभर हे चाललं. मला उगाचच अपमान वाटायला लागला. मॅरेथॉनचा कुठलाही जाणता प्रशिक्षक सांगतो की आठवड्याचे बहुतेक किलोमीटर गप्पा मारता येतील अशा संथ चालीने काढा. सगळे धावक माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुढे गेलं की त्याच्या मागे सुटतात. मीही तसाच. नडगी दुखायची, डिसेंबर आला की गुडघा कुरकुरायचा. माणसांनी सांगून जे ऐकलं नाही ते त्या टिक-टिकीमुळे ऐकलं. एका सोमवारी मी तिच्या चालीला आलो. नाकाने श्वास घेता येतोय हे लक्षात आलं, आणि उजवीकडच्या झाडीत कुठला तरी पक्षी ओरडतोय हेही.

शास्त्राप्रमाणे लांब पल्ल्यात कुत्र्यापेक्षा माणूस सरस. २००४ साली ब्रॅम्बल आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की लांब पळणं हा माणसाच्या घडणीचाच भाग आहे. आपल्याला अंगभर घाम येतो, उघड्या कातडीवरून तो वाळतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला घाम फुटतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. म्हणून उन्हात लांबवर माणूस कुत्र्याला थकवतो. हा सिद्धांत मुंबईबाहेरचा असावा. आपल्याकडे मे महिन्यात घाम येतो, पण तो वाळतो कुठे? बनियनमधून बुटात आणि बुटातून रस्त्यावर. माझा उत्क्रांतीतला सगळा फायदा मरोळलाच संपतो. खारीकडे मात्र उपाय असे. तबेल्याच्या हौदातून पाणी वाहून जिथे चिखल व्हायचा, तिथे ती पोट टेकून दोन मिनिटं पसरायची. मी पुढे गेलो तरी तिची हरकत नसे.

आणि मग तिची हद्द. मोरीपासून पिकनिक पॉइंटच्या दिशेने दीड किलोमीटरवर, एका थोराड झाडापाशी, ती थांबायची. तिथे भिंत नाही की फाटक नाही. पलीकडे दुसऱ्या टोळीचा इलाका. पाऊस असो, थंडी असो, तिचे पुढचे पाय त्या झाडाच्या मुळाशी थांबले म्हणजे थांबले. मी अजून वीस किलोमीटर जाणार असतो, तिला त्याचं काही नाही. परत येताना ती वाट बघत बसलेली असेल असं मला सुरुवातीला वाटायचं. नसायची. तिला तिची कामं असत.

परदेशात अशा जोड्यांच्या गोष्टी गाजल्या आहेत. २०१४ साली इक्वेडोरच्या जंगलात साहसी शर्यत चालू असताना स्वीडनच्या मिकाएल लिंडनोर्डने एका जखमी भटक्या कुत्र्याला मांसाचा गोळा दिला. तो कुत्रा संघाच्या मागे चिखलातून, पाण्यातून शेवटपर्यंत गेला आणि आर्थर या नावाने स्वीडनला पोचला. २०१६ साली चीनमधल्या अडीचशे किलोमीटरच्या शर्यतीत डिऑन लिओनार्डच्या मागे एक छोटी कुत्री लागली. तिचं नाव गोबी. मध्ये ती उरुमची शहरात हरवली, सापडली आणि शेवटी त्याच्याकडे स्कॉटलंडला गेली. आपल्याकडे कथेतला क्रम उलटा आहे. कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि तुपाची वाटी घेऊन नामदेव महाराज त्याच्या मागे धावले. वाटी न सांडता धावायचं म्हणजे चाल संथच असणार, असं माझं धावकी मत.

गोबी-आर्थर वाचून मलाही झटका आला. निमित्त बिबट्याचं होतं. आरे म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंगण. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की उद्यानातले पस्तीसेक बिबटे वर्षाला दीड हजार कुत्री खातात, आणि त्यामुळे शहरातले कुत्राचावेही कमी होतात. पाड्यांवरची माणसं वाघोबाला हात जोडतात आणि अंधार पडल्यावर पोरांना घरात घेतात. खारीला कोण घरात घेणार? जुलैत एका पहाटे मामा म्हणाले, “काल रात्री तबेल्यामागे आला होता.” त्याच संध्याकाळी मी तिला रिक्षात घालून घरी आणलं.

तिसरा मजला. गुळगुळीत लाद्यांवर तिचे पाय फाकायचे. तिने दूधभाताकडे पाहिलं नाही. गादी घातली, त्यावर बसली नाही. दाराच्या फटीला नाक लावून रात्रभर उभी, मधूनच एक बारीक सूर. सकाळ व्हायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर निषेधाचे चार संदेश पडले होते. चार वाजता तिला परत मोरीवर आणलं. रिक्षातून उडी मारून तिने आधी अंग झाडलं, मग कडेला बसून अर्धा मिनिट मुतली, आणि निघाली. सात मिनिटं दहा सेकंद.

मी काही श्वानप्रेमी नाही. चावा काय असतो हे माझ्या पोटरीवर लिहिलेलं आहे, आणि शाळेला निघालेल्या पोराला टोळीसमोरून जायला भीती वाटते त्यात पोराचा काही दोष नाही. हा वाद मुंबईला जुनाच. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने कुत्री मारायला लावली म्हणून पारशांनी फोर्टात बंद पाळून दंगा केला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली किंवा हिंस्र नसतील तर, पुन्हा त्यांच्याच भागात सोडावीत असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं आणि क्रीडासंकुलांतून त्यांना हलवायचा आदेश आला. मामांनी पेपर माझ्यापुढे धरला. “सर, आपली खारी?” मी म्हटलं, रस्त्यावर आहे, कान कापलेला आहे, दर वर्षी रेबीजची लस मी स्वतः टोचून आणतो. बिस्किटं घालून निघून जाणाऱ्यांवर माझा राग आहे. बिस्किटाने पोट बिघडतं, लसीने रेबीज टळतो.

मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, पस्तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. तिथे मी दर वर्षी चालायचो. लोक संत्र्याच्या फोडी नि मीठ पुढे करतात, ढोल वाजवतात, आणि त्या नादात माणूस वेग वाढवतो आणि वर पोचायच्या आत आडवा होतो. तीन वर्षांपूर्वी मी ढोलाकडे कान बंद केले आणि टिक-टिक मोजत चढलो. आजूबाजूचे पुढे गेले. उतारावर त्यातले बरेच चालताना भेटले. वेळ काही फार भारी आली नाही, पण चाललो नाही.

खारी आता दहाएक वर्षांची असेल. तोंडाभोवती पांढरं झालंय, मागचा उजवा पाय सकाळी धरतो. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, ती मामा अंड्यात घालून देतात. हद्द आपोआप आखडत आली. आधी झाडाऐवजी दिव्याच्या खांबापर्यंत, मग तबेल्याच्या वळणापर्यंत. हल्ली मोरीवरून उठते, अंग ताणते आणि पहिल्या गतिरोधकापर्यंत येते. ते अंतर माझ्या घड्याळात दोनशे मीटर भरतं. तिथे ती वळते, मी घड्याळ चालू करतो.

या रविवारी बत्तीस किलोमीटर आहेत. त्याआधीचे दोनशे मीटर चालत.