सॅन डिएगोच्या खाऱ्या पाण्यात

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अगदी दक्षिणेच्या टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून सॅन डिएगो हे शहर आहे. शहराच्या कुशीत शिरलेली सुमारे एकोणीस किलोमीटर लांबीची खाडी हेच तिथले बंदर. समुद्राच्या बाजूने वाळूची एक लांब पट्टी आडवी असल्यामुळे आत मोठ्या लाटा येत नाहीत. मुंबईच्या गोदीत ज्याची हयात गेली, त्याला हे पाणी पाहून ओळखीचे वाटते. पलीकडे आरमाराची राखाडी जहाजे, अलीकडे जहाजबांधणीचे कारखाने, मधून शिडाच्या होड्या आणि सगळ्यावर डिझेल, शेवाळ नि मीठ यांचा मिसळलेला तोच वास.

माझी लेक तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्याकडे तीन महिने राहायला मिळाले. सुट्टीच्या दिवशी ती या बंदरात हवेच्या ट्यूबवर बसून मासे धरते. मी गोदीत चौतीस वर्षे काढली, पण कमरेवर पाण्यात कधी उतरलो नव्हतो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी ही विद्या लेकीकडून शिकलो. तिची माहिती वाचकांना द्यावी म्हणून हा लेख. पण पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या एका वस्तीविषयी सांगणे भाग आहे. पाण्यापर्यंत कोणी पोचायचे, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवीन नाही.

पुलाखालची वस्ती

या खाडीवर कोरोनाडो नावाचा तीन किलोमीटरहून लांब पूल आहे. 3 ऑगस्ट 1969 रोजी तो सुरू झाला. खालून मोठी जहाजे जावीत म्हणून तो मध्ये सुमारे साठ मीटर उंच ठेवला आहे. पुलाच्या एका टोकाला कोरोनाडो हे बंगल्यांचे श्रीमंत गाव, दुसऱ्या टोकाला बॅरिओ लोगन ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची वस्ती. इथल्या बायाबापड्यांनी ट्यूना मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांत राबून संसार केले. ते कारखाने 1980 च्या दशकात बंद पडले.

1963 साली या वस्तीच्या मधून मोठा महामार्ग गेला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. सहा वर्षांनी पुलाचे अजस्र खांब आले. कित्येक घरे पाडली गेली. किनाऱ्यावर आरमाराचे आणि कारखान्यांचे कुंपण. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण वस्तीतल्या पोराला पाण्यात बोट बुडवायला जागा नव्हती. पुलाखालची जमीन बागेसाठी देऊ, असे आश्वासन वस्तीला मिळाले होते. प्रत्यक्षात 22 एप्रिल 1970 रोजी तिथे बुलडोझर आले, ते महामार्ग पोलिसांचे ठाणे बांधायला. बातमी पसरताच विद्यार्थी, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया धावल्या आणि यंत्रांपुढे उभ्या राहिल्या. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही. सरकारची वाट न पाहता स्वतःच खड्डे खणून झाडे लावली. शेवटी सरकार नमले. तीच आजची चिकानो बाग. 1973 पासून तिथल्या खांबांवर चित्रे रंगवली गेली. त्यांत त्यांचे पूर्वज आहेत, शेतमजूर आहेत, पुढारी आहेत. 2016 साली या बागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. बाग थेट खाडीपर्यंत हवी, ही त्यांची मागणी चालूच राहिली. पुढे अनेक वर्षांनी पाण्याच्या काठाला एक छोटी बाग आणि मासे धरायचा धक्का झाला. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांचे नाव त्या बागेला देण्यात आले.

त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर महाडची आठवण न येणारा आपला माणूस विरळा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केला होता. महाड नगरपालिकेने 1924 साली तोच मान्य केला. तरी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेईपर्यंत कागद कागदच होता. पुढे कोर्टाचा निकाल लागायला 1937 साल उजाडले. दोन्ही लढे एकच आहेत असे मी म्हणत नाही. आपल्याला विटाळ मानून पाणी नाकारले, त्यांना कुंपण घालून नाकारले. पण ठराव आणि आश्वासन यांवर विसंबून पाणी मिळत नाही, हा अनुभव दोन्हीकडचा आहे.

कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मेक्सिकन, फिलिपिनो, व्हिएतनामी कुटुंबे बादल्या, डबे, पोरेबाळे घेऊन धक्क्यांवर येतात. बांगड्याच्या जातीचा मासा लागला की पोरे नाचतात. यात एक दुःखाची बाब आहे. कारखाने आणि आरमार यांच्या अनेक वर्षांच्या घाणीमुळे या खाडीच्या गाळात पारा आणि विषारी रसायने साठली आहेत. कोणता मासा आठवड्यातून किती खावा याच्या सरकारी सूचना आहेत, आणि लहान मुले व तरुण स्त्रिया यांच्यासाठी त्या अधिक कडक आहेत. 2012 साली पाणी नियंत्रण मंडळाने आदेश काढला, तेव्हा कुठे जहाज कारखान्यांजवळचा गाळ उपसायला घेतला. घाण करणारा एक आणि ती ताटात घेणारा दुसरा, हा न्याय तिथेही आहे.

ट्यूबवर बसण्याची विद्या

ट्यूब म्हटली की आपल्याला ट्रकची ट्यूब आठवते, आणि मूळ वस्तू तीच आहे. आपल्याकडे तलावात ट्यूबवर बसून जाळे टाकणारे बांधव आजही दिसतात. तिथेही पूर्वी ट्रकच्या ट्यूबला कॅनव्हासची खोळ आणि मध्ये झोळी शिवून घेत. हल्लीची ट्यूब घोड्याच्या नालेच्या आकाराची असते. दोन्ही बाजूंना हवेचे वेगळे कप्पे, म्हणजे एक फुटला तरी दुसरा तारतो. मध्ये बैठक, पुढे मांडीवर जाळीचा पडदा आणि त्यावर मासा मोजायची पट्टी. माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि पाय पाण्यात लोंबतात. पायांत बदकाच्या पायासारखे रबरी पंख. पाणी मुंबईच्या मानाने गार, म्हणून छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालतात आणि तिच्यावरून कमरेला पट्टा घट्ट आवळतात. नाही तर पडल्यावर विजारीत पाणी भरते. अंगात तरंगते जाकीट आणि गळ्यात शिटी. या दोन वस्तूंशिवाय लेक कोणालाही पाण्यात जाऊ देत नाही.

तिने ही विद्या सोबत काम करणाऱ्या फिलिपिनो परिचारिकेच्या नवऱ्याकडून घेतली. मला तिने कोरोनाडोच्या बाजूला ग्लोरिएटा नावाच्या आतल्या शांत वळणात नेले. तिथे बागेला लागून लहानशी वाळू आहे. पहिला धडा चालण्याचा. वाळूत पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. तळाशी पाकट मासा वाळू अंगावर घेऊन पडलेला असतो. पाय घासत नेला की तो सरकून जातो, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतो.

दुसरा धडा दिशेचा. ट्यूबवरचा माणूस पुढे जात नाही, पाठमोरा जातो. पाय हलवले की पाठीच्या बाजूला सरकतो.

“बाबा, लाथा मारू नका,” लेक म्हणाली. “गुडघ्यातून हळू हलवा. आणि घटकेघटकेला मान वळवून मागं बघा. होडीवाल्याला आपण दिसतोच असं धरून चालू नका.”

छातीपर्यंत पाणी आले आणि पाय तळापासून सुटले, तेव्हा माझे दोन्ही हात ट्यूबला चिकटले होते. आमच्या गावी नदीवर आमचा पाणवठा सर्वांत खालच्या अंगाला होता. वरच्या डोहात गावची पोरे भोपळा बांधून पोहायला शिकत आणि आम्ही काठावरून बघत असू. पुढे गोदीत आलो तर पाणी सगळीकडे, पण ते जहाजांचे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी कामगारांना पोहता येत नव्हते. पाण्याची भीती कोणी जन्मतः घेऊन येत नाही. पाण्यापासून दूर ठेवलेल्या पिढ्यांत ती मुरत जाते. लेकीने माझा हात धरला नाही, फक्त हाताच्या अंतरावर राहिली. अर्ध्या तासाने माझा एक हात सुटला, मग दुसरा.

भरतीचे गणित

खाऱ्या पाण्यात ट्यूब चालवायची तर वारा आणि भरती-ओहोटी आधी पाहावी लागते. पायांचे बळ ते किती. नियम सोपा आहे. जाताना वाऱ्याच्या आणि ओढीच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमून परतताना तेच आपल्याला घरी आणतात. बोटींच्या मुख्य वाटेत जाऊ नये, काठ धरून राहावे. ओहोटीला पाणी तोंडाकडे जोराने ओढते, तेव्हा अरुंद जागा टाळाव्यात.

हे गणित मात्र मला नवे नव्हते. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पूर्वी व्हिक्टोरिया गोदीत जहाज भरतीलाच आत घेत, म्हणून हा हिशेब आम्हा कामगारांच्या तोंडी असे. सॅन डिएगोला हे घड्याळ जुळत नाही, आणि तिथल्या दिवसाच्या दोन भरत्यांत एक मोठी व एक लहान असते. पण पौर्णिमा-अमावस्येला उधाण आणि अष्टमीला भांग हे तिथेही चुकत नाही. चंद्र एकच आहे. हे सांगितल्यावर लेकीने वहीत लिहून घेतले. त्या दिवशी तिने मला जे शिकवले, त्याची तेवढीच परतफेड माझ्याकडे होती.

मासा आणि शील

या खाडीत पाण्याखाली समुद्री गवताची कुरणे आहेत. त्यांच्या कडेला अंगभर ठिपके असलेला बास मासा दबा धरून असतो. शिशाच्या लहान गोळीला जोडलेला गळ, त्यावर मऊ प्लॅस्टिकची शेपटी. ती तळापर्यंत सोडायची आणि हळूहळू ओढायची. मासा लागला की ट्यूबसकट माणूस फिरतो. तळाशी लेप्यासारखा चपटा हॅलिबटही असतो. धक्का सोडून इतरत्र मासेमारी करायची तर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला परवाना घ्यावा लागतो. मी एका दिवसाचा घेतला होता. बास चौदा इंचांहून लहान आणि हॅलिबट बावीस इंचांहून लहान असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो, असा तिथला कायदा आहे. त्यासाठीच मांडीवर ती पट्टी.

तिथे पुष्कळ लोक निव्वळ हौसेसाठी मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मी लेकीला विचारले, “सोडायचाच तर धरायचा कशाला?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, हाच प्रश्न मला पण पडला होता.”

आपण रोज पंचशील म्हणतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. आपल्या घरांत मासळी शिजते हेही खरे. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात या प्रश्नाला बगल दिलेली नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भगवान बुद्धांनी भेद केला, असे त्यांनी मांडले आहे. त्या कसोटीवर धक्क्यावरची ती मेक्सिकन आजी, जी नातवंडांच्या रात्रीच्या जेवणासाठी बादली भरते, तिला मी दोष देणार नाही. पण करमणुकीसाठी जिवाच्या ओठात काटा घालायचा आणि सोडून दिला म्हणून पुण्य मानायचे, हे मनाला पटत नाही.

लेकीने आपले नियम ठरवले आहेत. गळाचा उलटा काटा ती चिमट्याने दाबून टाकते, म्हणजे लहान मासा सोडताना फारसा जखमी होत नाही. घराला पुरेल असा एक मासा मिळाला की दोरीचा गळ काढून ठेवते. आणि पौर्णिमेला, उपोसथाच्या दिवशी, गळ नेतच नाही. उधाणाच्या पाण्यात मासा चांगला लागतो असे सगळे सांगतात, तरी ती त्या दिवशी रिकाम्या हाताने ट्यूबवर बसते. तिच्या ओळखीचे मासेमार हसतात. मला विचाराल तर तिने काढलेला मार्ग शेवटचा नाही. वाचकांपैकी कोणी म्हणेल, गळच नको. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण विचार न करता मारणे आणि विचार करून हात आवरणे यांत अंतर आहे, आणि शील तिथूनच सुरू होते.

आम्हाला त्या दिवशी एक पंधरा इंची बास मिळाला. घरी आल्यावर आधी ट्यूब, रीळ, पंख सगळे गोड्या पाण्याने धुतले, कारण मीठ लोखंड खाते. मग माशाला हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर टाकले. नातीने काटे काढून खाल्ले.

नदीचे नाव

या खाडीला तिच्या दक्षिण भागात एक नदी मिळते. तिचे नाव स्वीटवॉटर, म्हणजे गोडे पाणी. मुखापाशी भरतीच्या वेळी उभे राहिले तर नदी कुठे संपली आणि खाडी कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. नद्या समुद्राला मिळाल्या की आपली नावे सोडतात, तसे संघात आलेले लोक आपली जात सोडतात, असा दृष्टान्त भगवान बुद्धांनी दिला. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो लाखो लोकांपुढे पुन्हा मांडला. हा दृष्टान्त मी विहारात किती वेळा ऐकला असेन. पाण्यात पाय सोडून तो समजून घ्यायला चौसष्ट वर्षे लागली.

वाचक बंधू-भगिनींना एकच सांगणे आहे. आपल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पोहायला शिकवा. पालिकेचा तलाव असो, गावची विहीर असो, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकवा. पाण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी महाडला मिळवून ठेवला आहे. तो काठावर बसून वापरता येत नाही.

जय भीम.