कोहिमाचे टेनिस कोर्ट

आमची आजी भाऊबीजेला चंद्राला ओवाळीत असे. तिचा एकुलता एक भाऊ मराठा पलटणीत होता आणि १९४४ साली ‘ब्रह्मदेशाच्या आघाडीवर’ कामी आला, एवढेच घरी कळले होते. कोठे, कसा, हे कोणी सांगितले नाही. आजीनेही कधी विचारले नाही. तबक घेऊन ती मुकाट्याने अंगणात जाई. गेल्या दिवाळीच्या सुटीत दिमापूरहून कोहिमाचा ७४ किलोमीटरांचा घाट चढताना मला राहून राहून तिचे ते तबक आठवत होते.

कोहिमा म्हणजे डोंगराच्या धारेवर वसलेले गाव. खाली दिमापूरला रेल्वे आणि दोस्त सैन्याची प्रचंड कोठारे होती. ती गाठायची तर वाट कोहिमावरूनच. म्हणून जनरल सातोची जपानी डिव्हिजन, सुमारे १५,००० माणसे, डोंगर तुडवीत येथे आली. मार्चच्या अखेरीस शांगशाक येथे मराठ्यांच्या चौथ्या बटालियनने पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीने तिला काही दिवस अडवून धरले होते. आजीचा भाऊ त्यांत होता की काय, कोण जाणे!

४ एप्रिलला कोहिमाची लढाई जुंपली. वेढ्यात सापडलेले लढाऊ शिपाई जेमतेम दीड हजार. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागे एक टेनिस कोर्ट होते. त्याच्या एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते! साहेबलोक जेथे संध्याकाळी चेंडू टोलवीत, तेथे दिवसरात्र हातबाँब फेकले जात होते. आता त्या जागी दफनभूमी आहे. कोर्टाच्या रेषा मात्र सिमेंटने आखून जपल्या आहेत. लांबी ७८ फूट. मी पावलांनी मोजली. पुरती तीस पावलेही भरली नाहीत.

२२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला. तोवर दोस्तांचे चार हजारांवर आणि जपान्यांचे पाच हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अन्न संपले म्हणून सातोने हुकूम मोडून माणसे मागे नेली. परतीच्या वाटेवर भुकेने आणि रोगाने आणखी कितीतरी गेले. ज्यांचे हे भांडण नव्हतेच, त्या नागा लोकांची घरेदारे जळाली. तरीही जखमींना पाठीवर वाहून नेणारे तेच होते.

उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी १,४२० कबरी आहेत. ज्यांना अग्नी दिला त्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे सर्वांत उंचावरच्या स्मारकावर कोरली आहेत. चष्मा पुसून मी ती एकेक वाचू लागलो.

“कोई अपना है, साब?” माळ्याने विचारले.

“हाँ,” मी म्हणालो.

आजीच्या भावाचे नाव तेथे नव्हते. तरी माझे उत्तर खोटे होते असे मला वाटले नाही.

फाटक बंद व्हायच्या वेळी खाली रस्त्यावर आलो. पूर्वेकडे दिवस लवकर मावळतो. समोरच्या डोंगरावर बीजेची कोर दिसत होती. त्या वर्षानंतर किती अंगणांत, किती बहिणींनी तिला ओवाळले असेल, याचा आकडा कोणत्याच दगडावर नाही. माझ्या हाती तबक नव्हते. मी नुसते हात जोडले.