पाणी द्यावं की चालावं

मोर्चात डोकी मोजतात, मतं नाही. मनात दहा किंतु घेऊन आलेला माणूस संयोजकांच्या आकड्यात एक असतो, आणि पोलिसांच्या, नेहमी थोड्या कमीच भरणाऱ्या, आकड्यातही एकच. ‘अमुक मागणी वगळून माझा पाठिंबा’ अशी टीप कपाळावर चिकटवून चालता येत नाही. सही करण्याआधी बारीक अक्षरातल्या अटी वाचायची ज्यांना सवय लागलेली असते, त्यांना हे जड जातं. मी उभा जन्म बँकेत काढला, त्यामुळे मला जरा जास्तच.

मार्च २०१८ मधली गोष्ट. किसान सभेचा मोर्चा ६ तारखेला नाशिकहून निघाला होता. कसारा घाट उतरून, शहापूर-भिवंडी मागे टाकून रविवारी, ११ तारखेला, तो मुलुंडवरून पूर्व द्रुतगती मार्गाने सायनकडे जाणार होता. नाशिक ते मुंबई, सुमारे १८० किलोमीटर, तेही उन्हाच्या तोंडावर. आमच्या सोसायटीत पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे गोळा करायची धांदल उडाली. त्यात भाग घ्यावा की नाही, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. तहानलेल्याला पाणी देण्यात कसलं आलंय राजकारण? मी अडले होते ते त्याच्या पुढे. बाटल्या देऊन कडेला उभं राहायचं, की थोडं अंतर त्यांच्यात चालायचं?

अंतर चार पावलांचं. पण अलीकडे मी कनवाळू मुंबईकर आणि पलीकडे लाल टोप्यांच्या गर्दीतली एक. आमच्या घरात कधी कुणी लाल बावटा हातात धरलेला नाही. शिवाय मागण्यांच्या यादीत सरसकट कर्जमाफी होती, आणि तिथे माझं घोडं पेंड खात होतं. नोकरीतली काही वर्षं मी दिंडोरीकडच्या एका शाखेत काढली आहेत. कर्जमाफीची नुसती कुणकुण लागली की वसुली कशी थंडावते, ते पाहिलंय. वेळेवर हप्ते भरणारा एक शेतकरी काउंटरवर येऊन म्हणाला होता, “मॅडम, मग मी काय येडा म्हणून भरले?” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण त्याच काउंटरवर दुसरीही माणसं यायची, सुरगाणा-पेठकडून नात्यागोत्यात उतरलेली आदिवासी. जमीन कसतो म्हणायची, आणि कसतही होती. पण सातबारा वनखात्याच्या नावे. सातबारा नाही म्हणजे पीककर्ज नाही, संपलं. २००६ चा वनहक्क कायदा याच लोकांसाठी आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरांपर्यंत, त्यांच्या हक्काची होणार होती. प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षं पडून राहिले, कुणाचे फेटाळले गेले, कुणाला कसतो त्याच्या निम्म्याचाही कागद मिळाला नाही. मोर्चात चालणाऱ्यांत सगळ्यात मोठी संख्या यांचीच होती. म्हणजे कर्जमाफीवर माझा आक्षेप होता, पण चालणाऱ्यांपैकी कित्येकांची मुळात बँकेचे थकबाकीदार होण्याइतकीही पत नव्हती.

आणि मोर्चाचं मला वावडं होतं असंही नाही. गेट मीटिंगा, काळ्या फिती, निदर्शनं, संपाच्या दिवसाचा कापलेला पगार, हे सगळं केलं आहे. तेव्हा जावं की न जावं असा खल कधी केला नाही, कारण मागणी आपली होती. वेतनकराराच्या मसुद्यातल्या प्रत्येक कलमाशी मी सहमत होते का? मसुदा मी वाचलाही नव्हता! युनियनवाले म्हणाले चला, की आम्ही चाललो. कलमाकलमाची छाननी मला सुचली ती दुसऱ्याच्या मोर्चाची पाळी आल्यावर.

सासूबाई गोरेगावच्या. १९७२ नंतरच्या महागाईत लाटणी घेऊन निघालेल्या बायकांत त्या होत्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. पक्षांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण तेल-रॉकेल-साखरेच्या प्रश्नावर दोघी एका मोर्चापुढे. ज्यांना घर सोडून निघता यायचं नाही, त्या बायका ठरल्या वेळी घरातून थाळ्या वाजवायच्या. मोर्चाला न जाताही मोर्चात असण्याची ती सोय मला फार हुशारीची वाटते. (२०२० च्या मार्चमध्ये गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आम्ही सरकारला ऐकू जावं म्हणून बडवायचो गं.”) त्या रविवारी माझी घालमेल त्यांनी स्वयंपाकघरातूनच ओळखली असावी. तत्त्वाचं काही बोलल्या नाहीत. “चालणार असशील तर ही चप्पल नको, मागे पट्टा असलेली घाल. आणि घरून जाऊन निघ, रस्त्यात सोय नसते.”

मुलुंडहून विक्रोळीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालले. माझं कर्जमाफीबद्दलचं मत कुणीही विचारलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, “ताई, आजून किती ऱ्हायलं?” मी सायनचं अंतर खरं तेवढं सांगितलं आणि ते ऐकून तिचा चेहरा पडला, तेव्हा वाटलं की थोडं कमी सांगायला हवं होतं. कर्जमाफीची घोषणा आली की मी गप्प राहायचे, वनजमिनीची आली की ओरडायचे. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोजणाऱ्यांच्या हिशेबात मी दोन्ही घोषणांना धरलेली होते आणि ते मला वाटलं होतं तेवढं बोचलं नाही.

बोचलं ते वेगळंच. सोमवारी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून सायनला मुक्कामाला टेकलेले ते लोक रात्रीच उठले आणि अंधारात चालत आझाद मैदानात पोहोचले. शहर विरघळलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणांचा पाऊस पडला. मीही जोडले. पण त्या कौतुकात मला काहीतरी खटकत राहिलं. सोललेल्या पावलांनी, आमचा ट्रॅफिक न अडवता, रात्री गुपचूप जाणारा मोर्चाच आम्हाला इतका का आवडतो? काळा घोड्यापर्यंत येणारे मोर्चे या शहराने केव्हाच बंद केले. १९९७ मधल्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून निदर्शनं आझाद मैदानातल्या नेमून दिलेल्या कोपऱ्यात. गैरसोय झाली की आम्ही मागण्या वाचत नाही, आणि नाही झाली तरी वाचत नाही. फक्त दुसऱ्या वेळी बिस्किटं देतो. पाणी देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या दिवशी पाणी लागतच होतं. पण वनहक्काचा दावा म्हणजे काय, हे बाटल्या भरताना एकानेही विचारलं नाही.

सोमवारी सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनदाव्यांचा निपटारा सहा महिन्यांत करण्याचं. परतीला खास गाड्या सोडल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत तीच माणसं नाशिकहून पुन्हा निघाली. आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा; यावेळी कांद्याचा भावही यादीत होता, आणि वनजमिनी होत्याच.

तोवर मी निवृत्त झाले होते. वाटलं होतं, एकदा चालून झालंय, आता ठरवायला काय लागतं? पण मागचा निर्णय उपयोगी पडत नाही. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो, आणि गुडघे पाच वर्षांनी जुने झालेले असतात. मोर्चा वाशिंदला थांबला होता. ठाण्याहून कसारा लोकलने सरळ जाता आलं असतं. मी गाड्यांच्या वेळाही पाहून ठेवल्या, पट्ट्याची चप्पल बाहेर काढली, आणि कांद्याच्या मागणीतले आकडे वाचत बसले. १८ तारखेला मोर्चा मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा मला हायसं वाटलं. मागण्या मान्य झाल्या म्हणून, की माझं ठरवणं टळलं म्हणून, हे घरात कुणी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.