वजन रुग्णाचे, दोष कोणाचा?

‘खाऊन खाऊन फुगली आहे, हिला कसला आलाय आजार!’ वस्त्यांमध्ये मानसिक रुग्णांसोबत काम करताना हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले याची गणती नाही. बोलणारे कधी शेजारी असतात, कधी सासू, कधी रुग्णाचा सख्खा भाऊ, तर कधी चक्क दवाखान्यातला कर्मचारी. या एका वाक्यात दोन आरोप आहेत. पहिला, आजार खोटा आहे. दुसरा, वाढलेले वजन हे त्या माणसाच्या खादाडपणाचे आणि आळसाचे फळ आहे. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी आहोत, डॉक्टर नाही. पण दुबळ्या माणसावर दोष ठेवला जातो तेव्हा तो दोष खरोखर कुठे आहे हे तपासणे आमच्या विषयाचे कामच आहे. म्हणून बायपोलर आजार, वजन आणि मेंदू यांच्याविषयी विज्ञान काय सांगते ते आम्ही वाचले, मानसोपचारतज्ज्ञांकडून समजून घेतले आणि येथे मांडत आहोत.

बायपोलर म्हणजे मनाची दोन टोके. एका टोकाला उन्माद : रात्र-रात्र झोप नाही, बोलणे थांबत नाही, हातात येईल तो पैसा उधळला जातो, आपण काहीही करू शकतो असे वाटते. दुसऱ्या टोकाला नैराश्य : अंथरुणातून उठवत नाही, जगणे नकोसे होते. मधल्या काळात माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात बायपोलरच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जण उपचारांविना असल्याचे आढळले. म्हणजे आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते उरलेले ३० जण, जे कसेबसे दवाखान्यापर्यंत पोहोचले.

आता मेंदूकडे वळू. आपल्या मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. बायपोलर रुग्णांमध्ये या पोकळ्या सरासरीने थोड्या मोठ्या आढळतात, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. पण सगळ्याच रुग्णांमध्ये हा फरक सारखा का नसतो, हे कोडे होते. ‘एनिग्मा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने या कोड्याकडे वजनाच्या बाजूने पाहिले. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७ संशोधन केंद्रांमधील १,१३४ बायपोलर रुग्ण आणि हा आजार नसलेल्या १,६०१ व्यक्तींच्या मेंदूचे एमआरआय आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, एकत्र तपासले गेले.

काय आढळले? रुग्णांचा बीएमआय इतरांपेक्षा जास्त होता. पोकळ्या मोठ्या होत्या. आणि बीएमआय जितका जास्त तितक्या पोकळ्या मोठ्या, असाही संबंध दिसला. आकडेमोडीनंतर संशोधकांनी मांडले की आजार आणि पोकळ्यांचा आकार यांच्यातील संबंधाचा सुमारे १८ टक्के भाग वजनाच्या वाटेने जातो.

हा १८ चा आकडा नीट वाचला पाहिजे, कारण अशा आकड्यांचे सोयीस्कर अर्थ लावणारे पुष्कळ असतात. ‘बघा, जाड झाली म्हणून मेंदू बिघडला’ असे उद्या कोणी म्हणेल. पण याच हिशेबाने ८२ टक्के भाग वजनाच्या वाटेने जात नाही, हे त्यांना दिसणार नाही. शिवाय या अभ्यासात प्रत्येकाचे चित्र एकाच वेळचे आहे. वजन आधी वाढले की मेंदूतला फरक आधी झाला, हे एका चित्रावरून ठरत नाही. ज्याचा आजार जास्त, त्याला औषधे जास्त, आणि औषधे जास्त म्हणून वजनही जास्त, असेही असू शकते. आणखी एक गंमत पाहा. भावनांशी संबंध असलेला अमिग्डाला नावाचा मेंदूचा छोटा भाग रुग्णांमध्ये सरासरीने लहान होता, पण बीएमआय जास्त असलेल्यांमध्ये तो मोठा होता. म्हणजे ‘चरबी वाढली की मेंदू झिजला’ इतके हे गणित सरळ नाही.

मग या संशोधनाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. शरीरातली जादा चरबी नुसती पडून राहत नाही. ती सूज वाढवणारी रसायने रक्तात सोडते, इन्सुलिनचे काम बिघडवते, रक्तवाहिन्यांना त्रास देते. मेंदू त्याच रक्तावर जगतो. आनुवंशिकता आपण बदलू शकत नाही, पण वजन काही प्रमाणात बदलता येते. म्हणून वजनाकडे लक्ष देणे हा मनाच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असा या संशोधनाचा रोख आहे. बायपोलर असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे लवकर मरतात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. ज्या आजाराला लोक ‘डोक्याचा आजार’ म्हणतात, तो माणसाला बऱ्याचदा छातीतून मारतो.

आता पुढचा प्रश्न. हे वजन येते कुठून?

पहिले उत्तर औषधांत आहे. ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅल्प्रोएट, लिथियम ही बायपोलरमधली महत्त्वाची औषधे. ती माणसाला सावरतात, पुष्कळांचे प्राण वाचवतात. लिथियम घेणाऱ्यांच्या मेंदूचे काही भाग उलट अधिक टिकून राहिलेले दिसतात, असेही अनेक अभ्यासांत आले आहे. पण यातल्या बहुतेक औषधांनी वजन वाढते, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. ओलान्झापिनने भूक इतकी खवळते की जेवून उठलेला माणूस तासाभरात पुन्हा डबा उघडतो. लिथियमने तहान लागते. ती गोड चहाने आणि सरबताने भागवली तर साखर वाढते. लिथियममुळे थायरॉइडही मंदावू शकते. याला खादाडपणा म्हणायचे असेल तर तापाने फणफणलेल्या माणसालाही चिडका म्हणावे लागेल.

आमच्या कामातल्या एका ताईंचे उदाहरण देतो. वय ३४, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. उन्मादाच्या झटक्यानंतर सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांत वजन ५२ किलोवरून ६७ वर गेले. या आठ महिन्यांत दवाखान्यात त्यांना कोणी एकदाही काट्यावर उभे केले नाही. आम्हाला हे आकडे कळले ते आजाराआधीच्या एका जुन्या कागदावरून आणि किराणा दुकानातल्या काट्यावरून. घरात नणंद हसायची, कामावरच्या बाई म्हणायच्या, ‘आता वाकता येत नाही का?’ ताई आम्हाला म्हणाल्या, “दादा, डोकं शांत झालं, पण अंग माझं राहिलं नाही.” आम्ही डॉक्टरांना भेटून गोळी बदलण्याविषयी विचारू म्हटले, तारीख ठरली. तारखेच्या आधीच त्यांनी गोळ्या गटारात टाकल्या. तीन आठवड्यांत झोप उडाली, दोन महिन्यांचा पगार दोन दिवसांत संपला आणि एका रात्री त्या घरातून निघून गेल्या. सापडल्या, पुन्हा भरती झाल्या. कामे मात्र चारही गेली. गोळ्या टाकणारा हात त्यांचा होता हे खरे. पण त्या हातापर्यंत जी साखळी आली, तिच्यातल्या एकाही कडीला कुणी जाब विचारला नाही.

दुसरे उत्तर ताटात आणि रस्त्यात आहे. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. त्याने उपासमार टळते, हे छोटे काम नाही. पण डाळ, अंडी, भाजी, फळे विकत घ्यावी लागतात. खवळलेल्या भुकेला गरीब घरात भात, चपाती, चहा-बटर आणि वडापाव हेच उत्तर असते. डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला. कुठे चालायचे? गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावे लागते. बाई संध्याकाळी एकटी चालायला निघाली की, ‘कुणाला भेटायला चालली?’ हा प्रश्न तयारच असतो.

आणि या सगळ्यावर कुणीतरी म्हणतेच, ‘मागच्या जन्मीचे भोग.’ आम्ही बौद्ध आहोत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली, ती उगाच नाही. भोग म्हटले की कारण शोधायची गरज संपते, आणि कारण शोधणे थांबले की उपाय करण्याची जबाबदारीही कुणावर राहत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी. लठ्ठपणा डोळ्यांना दिसतोच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय शरीर वरून बारीक दिसत असले तरी आतून चरबी बाळगू शकते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, पाश्चात्त्यांप्रमाणे २५ ची वाट पाहत नाहीत. म्हणजे काटा पुरेसा नाही, कमरेचा घेरही मोजला पाहिजे. त्यासाठी एमआरआय लागत नाही. शिंप्याची टेप पुरते.

‘मानसिक रुग्णांचे वजन काही कमी होत नसते,’ असे सांगून हात झटकणारेही भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतील मेरीलँड राज्यातला एक प्रयोग. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गंभीर मानसिक आजार असलेले २९१ लोक होते, त्यात पाचातला एक बायपोलरचा. ते उपचारासाठी रोज ज्या केंद्रांत येत, तिथेच निम्म्यांसाठी गटाने व्यायाम आणि आहाराचे मार्गदर्शन ठेवले. १८ महिन्यांनी या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३.२ किलोने अधिक घटले होते. आकडा लहान वाटेल. पण वजन वाढवणारी औषधे चालू असताना मिळालेले हे यश आहे, आणि ते ‘इच्छाशक्ती दाखवा’ असे ऐकवून आलेले नाही. सोय उभी केली, सोबत दिली, म्हणून आले.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ उपचाराचा हक्क देते आणि कलम २१ मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवा असे सांगते. मग मधुमेहाच्या खिडकीवर काटा असतो आणि मानसोपचाराच्या खिडकीवर का नसतो? पहिली गोळी देण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर यांची नोंद झाली पाहिजे आणि ठरावीक काळाने पुन्हा झाली पाहिजे. वजन भराभर वाढू लागले तर औषध बदलता येईल का, वजन रोखणारे औषध जोडता येईल का, हे डॉक्टरांनी रुग्णाला आपणहून सांगितले पाहिजे. आणि वस्तीत जिथे विहार, समाजमंदिर किंवा अंगणवाडीची जागा आहे, तिथे बायकांना संध्याकाळी एकत्र व्यायाम करता आला पाहिजे. दहा जणी एकत्र निघाल्या की, ‘कुठे चालली?’ विचारणारे गप्प बसतात, हा आमचा अनुभव आहे.

रुग्णांना आणि घरच्यांना एकच विनंती. वजनामुळे गोळ्या स्वतःहून बंद करू नका. लिथियम चालू असताना मनाने उपास, मीठ बंद, असले प्रयोगही करू नका. मीठ-पाणी कमी पडले की रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. वजन वाढतेय असे वाटले की पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगा, ‘वजन करा आणि कागदावर लिहा.’ सांगायची भीती वाटत असेल तर सोबत कुणाला तरी न्या. कागदावर लिहिलेल्या आकड्याचे उत्तर दवाखान्याला द्यावे लागते, आणि ते मागण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने दिलेला आहे.